पडद्याआडची जागा

क्ष-किरण म्हणजे एक प्रकारचा उजेडच. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही आणि माणसातून आरपार जातो. एखाद्या वेळी लागला तर फारसं बिघडत नाही, पण रोज लागला तर रक्ताला बाधतो. धाराशिवच्या एका दवाखान्यातले डॉक्टर विष्णुपंत हे पक्कं जाणून होते. म्हणून फोटो काढताना ते शिशाच्या पडद्याआड उभे राहून बटण दाबत, आणि तिथंही दवाखान्यातला एकुलता एक शिशाचा एप्रन अंगात घालत. पडद्याबाहेर, नुसत्या लुगड्यावर, रडणारी पोरं धरून आया सारजाबाई उभी असे.

१९६३ साली मुंबईहून वनमालाबाई आल्या. त्या डॉक्टर नव्हत्या, पदार्थविज्ञान शिकलेल्या होत्या. कुणाला किती किरण लागतात ते मोजणं हे त्यांचं काम. त्यांनी दोघांच्याही छातीवर बिल्ला लावला. आत फिल्मचा तुकडा. जितके किरण लागतील तितका तो काळा पडणार. महिन्यानं पाहिलं तर डॉक्टरांची फिल्म कोरी, सारजाबाईची काळीकुट्ट.

"चुलीपुढं बसते ती. धुरानं झाली असेल," डॉक्टर म्हणाले.

"चुलीपुढं तुमच्या मालकीणबाई बी बसत्यात," सारजाबाई म्हणाली. "त्यान्ला लावून बघा की बिल्ला."

वनमालाबाईंनी उपाय सांगितला. पोराला बांधायला पट्ट्यांची फळी करून घ्यावी. तोवर एप्रन घालून घरच्या माणसानं धरावं.

"सुताराला सवड नाही," म्हणत डॉक्टरांनी एप्रनची गाठ घट्ट केली.

तेवढ्यात त्यांचाच नातू आला, बहिणीच्या पैंजणाचं घुंगरू गिळून. सारजाबाई सवयीनं पुढं झाली. वनमालाबाईंनी तिला मागं, पडद्याआड ओढलं.

"ही आता धरणार नाही. घरचं माणूस कोण?"

"मी? मला बटण दाबायचंय!"

"ते मी दाबते."

आजोबा असे थरथरले, की फोटोत तीन घुंगरं उमटली.

"मी एकच गिळलं!" नातू रडकुंडीला आला.

"फोटो पुन्हा काढावा लागेल," वनमालाबाई म्हणाल्या. "धरा."

डॉक्टर दारात जाऊन ओरडले, "बब्रुवान सुताराला बोलवा! आत्ताच्या आत्ता!"

सवड नसलेला बब्रुवान समोरच विडी ओढत बसला होता. बघता बघता फळी झाली. पट्ट्या आवळल्यावर पोरगं भोकाड पसरणार, तोच पडद्याच्या काचेतून सारजाबाईनं त्याला जीभ काढून दाखवली. ते गप्प बघत राहिलं.

"सरका की जरा," डॉक्टर पडद्याआड घुसू लागले. तिथं दोघांपुरतीच जागा.

"भाईर थांबा, साहेब," सारजाबाई म्हणाली. "घुंगरू घावलं की हाक मारते."