वाचन चालू होते

"मावशी, हा डबा आपोआप वाचायला लागला, तर तुम्ही सकाळी उठलात की नाही, हे आम्हाला कळायचं कसं?"

खालच्या मजल्यावरच्या मुलीने हे विचारले, तेव्हा तिच्या कडेवर तिची लेक होती आणि मावशींच्या हातात नवे कोरे यंत्र होते. मावशी हसल्या. "तू म्हणजे ना, दूध तापायच्या आधीच फडकं घेऊन उभी. उठणार नाही तर जाणार कुठे मी?" मुलगीही कसनुसे हसली आणि विषय तिथेच संपला.

मित्रांनो, ते बोलणे त्या खोलीत आणखी एकाने ऐकले होते. ते म्हणजे मी. त्याच दिवशी मला टेबलावरून उचलून कपाटावर ठेवण्यात आले. मी एक जुने बायबल आहे.

बायबल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सोनेरी कडा येतील, चामड्याची बांधणी येईल. माझ्याकडे तसले काही नाही. माझा पुठ्ठा काळा आणि साधा आहे. कागद इतका पातळ, की मागच्या पानावरची अक्षरे पुढे डोकावतात. ज्या बाईने माझी पाने शिवली, तिची त्या दिवशी दाढ दुखत होती. सुई ओढताना ती दर थोड्या वेळाने 'आई गं' म्हणत होती. जगात मी ऐकलेला पहिला शब्द तो. पुढे माझ्या पानांवर कपाळ टेकवून माणसे काय काय म्हणाली. पण खरे सांगू का, बहुतेकांचा अर्थ तोच होता.

मावशींच्या नवऱ्याने लग्नाच्या दिवशी मला त्यांच्या हातात दिले. रोज थोडे वाचू, मी विसरलो तर तू आठवण कर, असे तो म्हणाला. तो घड्याळे दुरुस्त करायचा आणि रोज विसरायचा. गावाची घड्याळे वेळेवर आणणाऱ्या माणसाला वाचनाची वेळ पाळता येत नाही, यावरून मावशींनी त्याची आयुष्यभर थट्टा केली. स्वतः त्या टेलिफोन कचेरीत ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र लावून दिवसभर कोणाला तरी कोणाशी तरी जोडून द्यायचे, हे त्यांचे काम. घरी आल्यावर त्यांना बोलायचा कंटाळा यायचा. म्हणून तेव्हा त्या मनातल्या मनात वाचत. बोट ओळीवरून सरकायचे, ओठ हलायचे, आवाज नसायचा.

माझी सगळीच पाने काही गोड नाहीत. कोणाचा मुलगा कोण, त्याचा मुलगा कोण, अशा नावांच्या रांगा माझ्यात आहेत. देवासाठी उभारायच्या तंबूच्या पडद्यांची, खांबांची, कड्यांची मापे आहेत. तिथे आले की नवरा जांभई द्यायचा आणि पुढचे पान उघड म्हणायचा. मावशी उघडत नसत. "एवढ्या मोठ्या देवाला पडद्याच्या कड्या मोजाव्याशा वाटल्या," त्या म्हणत, "आणि तुला शर्टाचं एक बटण लावायला सवड नाही." रोज काही अंगावर काटा येत नाही, हेही त्या उघड कबूल करत. कित्येक दिवस नुसते शब्द जातात. पण परवा काय जेवलो ते तरी कुठे आठवते. अंगी तर लागतेच ना, असे त्यांचे म्हणणे. माझ्याबद्दल इतके खरे आणि इतके साधे कोणी बोललेले मी ऐकलेले नाही.

मग नवरा गेला. मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला होताच. त्यानंतर बरेच दिवस मावशींनी मला हात लावला नाही. मी टेबलावर होते, त्या खुर्चीवर होत्या, आणि आमच्यामध्ये धूळ साचत होती. त्यांचा राग माझ्यावर होता की ज्याचे शब्द माझ्यात आहेत त्याच्यावर, हे मला कळले नाही. एका सकाळी त्यांनी पदराने माझा पुठ्ठा पुसला, मला उघडले आणि पहिल्यांदाच मोठ्याने वाचले. कचेरीतल्या त्याच खणखणीत आवाजात. वाचून झाल्यावर खोलीकडे बघत म्हणाल्या, "घरात कोणाचा तरी आवाज हवा."

तेव्हापासून तो नेम झाला. सकाळी चहा, मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची, मग मी. एक अध्याय मोठ्याने, आणि त्यानंतर प्रार्थना. प्रार्थना म्हणजे काय, तर इमारतीतल्या एकेकाला वर जोडून देणे. नाव घ्यायचे, काय दुखतेखुपते ते सांगायचे, क्षणभर थांबायचे, पुढचे नाव. मावशींना थोडे कमी ऐकू यायचे, त्यामुळे प्रभूलाही कमी ऐकू येत असावे अशा बेताने त्या बोलत. खिडकीतून ते सगळ्या मजल्यांवर पोहोचायचे. समोरचा शिंपी एकदा जिन्यात हात जोडून म्हणाला होता, "मावशी, माझ्या मूळव्याधीचं तेवढं जरा हळू सांगा त्याला." पण एखाद्या दिवशी त्याचे नाव राहिले, की तोच संध्याकाळी विचारायला यायचा.

इमारतीत एक रीत पडून गेली. मावशींचे वाचन चालू असताना त्यांची बेल वाजवायची नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा. शिंपी कुजबुजत बोलायचा. कोणी तसा नियम केला नव्हता. त्यांना मान म्हणून तो आपोआप झाला होता.

खालची मुलगी या इमारतीत नवीन. शिकलेली, पण मूल झाल्यापासून घरात अडकलेली. नवऱ्याची नोकरी फिरतीची. लेक दिवस भरण्याआधीच झालेली, सारखी छाती भरणारी. तिला सगळे बोंडू म्हणत. रात्रभर तिचा श्वास ऐकत बसणे हेच त्या मुलीचे काम होऊन बसले होते. ती आमच्या धर्मातली नव्हती. प्रार्थनेवर तिचा विश्वास होता की नाही, मला माहीत नाही. पण रोज सकाळी ती आपल्या खिडकीशी येऊन उभी राहायची. वरून मावशींचा आवाज यायचा, "प्रभू, खालची बोंडू. आज खोकला कमी आहे, पण तिच्या आईला झोप नाही. दोघींना बघ." तेवढे ऐकले, की ती भांडी घासायला वळायची. दिवसभरात तिच्या लेकीचे नाव तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या तोंडून येण्याची ती एकच वेळ होती.

पुढे मावशींची नजर गेली. आधी माझी बारीक अक्षरे गेली, मग मोठी, मग पाने नुसती पांढरी दिसू लागली. मुलाने यंत्र पाठवले. लहानसा काळा डबा. ठरल्या वेळी आपोआप सुरू व्हायचा आणि एका भारदस्त पुरुषी आवाजात वाचायचा. मुलगा फोनवर म्हणाला, आई, आता पान उलटायचेही कष्ट नकोत. त्याने प्रेमानेच पाठवले होते. मी त्या डब्याला दोष देत नाही. तो माझेच शब्द वाचायचा, आणि माझ्यापेक्षा स्पष्ट वाचायचा. अध्याय झाला, की मावशी बटण दाबून त्याला गप्प करत. मग खिडकीशी बसून, मांडीवर मी नसताना, नावे घेत.

मी कपाटावर होते. वरून त्यांची पांढरी मान दिसायची. बंद पुस्तकाला तोंड नसते, मित्रांनो. कोणी उघडले तरच आम्ही बोलतो.

एका सकाळी चहाच्याही आधी मावशींनी खुर्ची कपाटाशी ओढली. "काही दिसत नाही, पण हातात तर धरते," असे त्या पुटपुटल्या. तो नवरा गेल्याचा दिवस होता. त्या खुर्चीवर चढल्या. त्यांची बोटे माझ्या पाठीला लागली. किती दिवसांनी! आणि खुर्ची सरकली.

आम्ही दोघे एकदमच पडलो. मी पालथे पडले, पाने दुमडून खाली. मावशी कुशीवर पडल्या. त्यांना उठता येईना. पाय वेडावाकडा झाला होता. त्यांनी हाक मारली, पण छातीत जोरच उरला नव्हता. कचेरीतला तो आवाज कुठेतरी हरवला होता. तरी खिडकी उघडी होती. आणखी थोडा वेळ शांतता राहिली असती, तर कोणीतरी ऐकले असते.

पण ठरली वेळ झाली आणि डबा वाचू लागला.

भारदस्त आवाज खिडकीतून सगळ्या मजल्यांवर गेला. दूधवाल्याने पिशवी कडीला अडकवली आणि पाय न वाजवता तो जिना उतरला. शिंप्याचे दार उघडले, वाचन चालू आहे हे ऐकून हळूच मिटले. सगळ्यांनी आपापल्या परीने मान राखला. अध्याय संपला. बटण दाबायला कोणी नव्हते. दुसरा अध्याय सुरू झाला. मग तिसरा. मावशींच्या ओठांपासून मी हातभर अंतरावर होते. माझ्यात धीराचे शब्द आहेत असे लोक म्हणतात. त्या सकाळी ते सगळे फरशीकडे तोंड करून पडले होते.

खाली ती मुलगी खिडकीशी उभी होती. हे सगळे तिनेच नंतर सांगितले, म्हणून मला ठाऊक. नवरा त्या दिवशी घरी होता. तिने त्याला म्हटले, आज प्रार्थना झाली नाही. तो म्हणाला, अगं, वाचन चालू आहे ना, मग बरंच आहे, आज जास्त वाचतायत. ती पोरीला भरवू लागली. पुन्हा खिडकीशी आली. वर पडद्यांची आणि कड्यांची मापे चालली होती. तिने म्हटले, बोंडूचं नाव आलं नाही. नवरा म्हणाला, तुला काळजीला रोज नवीन जागा सापडते. तीही मनातून वरमली. कोणाच्या देवाच्या वेळेत आपण कशाला घुसायचे?

तरी ती आली. दारापर्यंत आली आणि थांबली. तिची पावले मी ओळखली. पोर कडेवर असले की तिचा एक पाय जड पडतो. आत वाचन चालू, बाहेर ती. कडीला दुधाची पिशवी तशीच. रीत मोडावी की नाही, एवढ्याशा विचारात ती उभी होती, आणि दाराच्या आत एक माणूस फरशीवर गार पडत चालले होते. मला वाटले, ही आता परत जाणार.

तिने बेल वाजवली. मग दाराला तोंड लावून म्हणाली, "मावशी, आज बोंडूचं नाव नाही घेतलंत."

दोन अध्यायांच्या मध्ये डबा श्वासभर थांबतो. तेवढ्यात मावशींचा आवाज दाराखालच्या फटीतून गेला.

"घेतलं गं. तुला ऐकू आलं नाही."

मग धावपळ झाली. शिंप्याने आणि तिच्या नवऱ्याने मिळून दार तोडले. मावशींना उचलून नेले. कोणीतरी डबा बंद केला, आणि घर एकदम इतके शांत झाले, की शिंप्याचे पुटपुटणेही ऐकू आले, "मी दार उघडून परत लावलं हो." मला उचलले त्या मुलीने. दुमडलेली पाने तिने एकेक करून तळहाताने सरळ केली. त्यांच्या घड्या अजून आहेत.

मावशी वाचल्या. पण त्या परत आल्या नाहीत. मुलाने त्यांना आपल्याकडे नेले. सामान आवरताना तो म्हणाला, तिकडे यंत्र आहेच, पुस्तकाचे ओझे कशाला. मावशींनी मला चाचपडून हातात घेतले आणि त्या मुलीच्या हातात ठेवले. "रोज उघड," त्या म्हणाल्या. "वाचलं नाहीस तरी चालेल. उघड मात्र." तिने मान डोलावली आणि मग, त्यांना दिसत नाही हे आठवून, मोठ्याने हो म्हटले.

आता मी खालच्या मजल्यावर असते. ती मला रोज उघडते. कधी चार ओळी वाचते, कधी नुसता हात ठेवते. माझ्यातल्या शब्दांवर विश्वास ठेवायला ती अजून घाबरते, आणि ठेवला नाही तर काय होईल यालाही घाबरते. पण शेवटी हळू आवाजात एक नाव घेते. वरच्या मावशी. वर कोणी राहत नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज येत नाही. बोंडू मात्र चालायला लागली आहे आणि मला चावते.

परवा त्या मुलीने मावशींच्या मुलाला फोन केला. मावशींना फोन देता का, म्हणाली. तो घाईत होता. आई अगदी मजेत आहे, म्हणाला. "सकाळपासून तिच्या खोलीतून वाचनाचा आवाज येतोय ना."

 

"दार उघडून बघता का?" ती म्हणाली. "मी थांबते."

त्याने पाहिले आणि फोनवर सांगितले. मावशी खिडकीशी बसल्या होत्या. तिथली खिडकी उघडतच नाही. त्या कोणाकोणाची नावे घेत होत्या, आणि डबा वाचत होता.

मित्रांनो, माझी पाने जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. पाने टिकतात. पण तुमच्या शेजारच्या घरातून रोज एखादा आवाज येत असेल, वाचनाचा, गाण्याचा, टीव्हीवरच्या बातम्यांचा, आणि त्यावरून आत सगळे ठीक आहे असे तुम्ही धरून चालला असाल, तर आज जा. वेळ चुकीची असली तरी जा. बेल वाजवा, नावाने हाक मारा, आणि उत्तर येईपर्यंत दारातून हलू नका.