परस्पर

गादीवाल्यांनी हाताचा पंजा गादीत मनगटापर्यंत रुतवला आणि झटकन काढून घेतला. पडलेला खळगा सावकाश वर आला.

"बघितलंत? हे जमवायला आमचे कारागीर दोन वर्षं झगडत होते. आणि तुमच्या लेखात ते एका ओळीत येऊन जातं. 'चांगली गादी रात्रीचं काही सकाळी काढत नाही.' आमच्या मिसेसनी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं."

ती हसली. ती ओळ तिला आठवत नव्हती. तो लेख तिने दात घासता घासता मोबाइलवर चाळला होता, दोन ठिकाणचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते आणि पुढे धाडला होता.

"आधीही तुम्ही चांगलंच लिहायचात," गादीवाले म्हणाले, "पण हल्लीचं वाचताना कसं, डोळ्यांवर झोपच येते."

"हे कौतुक आहे ना?"

"आमच्या धंद्यात याहून मोठं कौतुक नाही."

कंपनीचं नाव लांबलचक होतं. तिच्या फोनमध्ये आणि मनात ते गादीवालेच होते. तीन वर्षं त्यांच्या ग्राहकांसाठी ती दरमहा झोपेवर एक लेख देत होती. शिवाय जाहिराती, माहितीपत्रकं, मालकांची भाषणं. आजवर मिळालेल्या कामांत हे सगळ्यांत भरवशाचं, आणि आता त्यातून त्याहून मोठं काहीतरी निघायची चिन्हं होती.

"ते पुस्तकाचं म्हणत होतात मागे," तिने विषय काढला.

"हो, हो. काढायचंच आहे. झोपेवर चांगलं जाडजूड पुस्तक, प्रत्येक गादीबरोबर एक. बघू, ठरलं की कळवतो." गादीवाल्यांनी चादरीची कड ओढून सरळ केली. "बाकी आई कशा आहेत आता? परवा वहिनी म्हणत होत्या की रात्रीच्या..."

वाक्य तिथेच राहिलं. गादीवाल्यांनी मान वळवली आणि लांब उभ्या असलेल्या माणसाला दोन चहा आणायला सांगितले. नंतर ते पलंगांच्या लाकडाच्या भावांविषयी बराच वेळ बोलत राहिले.

तीन वर्षांत तिने त्यांच्यापुढे आईचा विषय कधी काढला नव्हता. वहिनीचा तर नाहीच.

रस्त्यावर आल्यावर ती दुकानाच्या काचेसमोर उगाच थांबली. आत गादीवाले फोनवर कुणाशी तरी बोलत होते आणि बोलता बोलता मान डोलवत होते.

वहिनीला हे काम तिनेच दिलं होतं. दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि वहिनीने ती नोकरी सोडली. त्याच सुमारास हिच्याकडे कामं हाताबाहेर चालली होती, तेव्हा हिनेच म्हटलं होतं, घरबसल्या करशील का थोडं? वहिनी लिही, ही बघे, पुढे पाठवी. नाव हिचं. वहिनीला मोबदला दर महिन्याला, न मागता. यात कुणाचं काही वाईट नव्हतं. सुरुवातीला ही एकेक वाक्य उलटंपालटं करायची. मग नुसतंच वाचू लागली आणि पुढे पुढे तेही सुटलं.

गादीवाल्यांना वहिनीचा नंबर कुठून मिळाला, हे तिला बसमध्ये बसल्यावर आठवलं. उन्हाळ्यात ती परगावी होती, नेट चालत नव्हतं. तेव्हा तिनेच वहिनीला सांगितलं होतं, या वेळचा लेख तूच थेट पाठवून दे.

एक धागा हाती लागला तसे बाकीचे आपोआप येऊ लागले. वहिनीचा नवा चष्मा. गेल्या रविवारी ती माहेरी गेली आणि स्वयंपाकघरात डोकावली तेव्हा वहिनीने लॅपटॉप मिटला होता, घाईने नाही, अगदी सहज, आणि ते सहजपणच आता तिला खटकलं. दुपारी वहिनीचा फोन बंद असायचा. रोज. आधी तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. आणि मध्यंतरी एकदा भांडी लावता लावता वहिनीने विचारलं होतं, "ताई, एखादं मोठं काम असेल तर आगाऊ मागतात का हो पैसे?" तिने म्हटलं होतं, "तू कशाला त्या फंदात पडतेस? मी आहे ना."

ती स्वतः कशी सुरू झाली, हे तिला पाठ होतं. ज्या जाहिरातसंस्थेत ती दिवसभर राबायची तिथून बाहेर पडताना तिने संस्थेचे दोन क्लायंट बरोबर नेले होते. एकाला लिफ्टमध्ये गाठलं होतं, दुसऱ्याला त्याच्या मुलीच्या नाटकाला जाऊन. संस्थेच्या मालकीणबाईंनी तिला सगळ्यांदेखत अस्तनीतला निखारा म्हटलं होतं. त्या रात्री तिने भरपेट जेवण केलं होतं. आता तेच शब्द तिच्या तोंडात आले आणि तिने खिडकीची काच सरकवून घेतली.

घरी पोचल्यावर तिने वहिनीला फोन लावला. संध्याकाळ होती, फोन लागला.

"वहिनी, एक वाईट बातमी आहे गं. गादीवाले लेख बंद करतायत."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग पाणी ओतल्याचा आवाज.

"बंद?" वहिनी म्हणाली. "असं कसं?"

"त्यांचं काही खरं नसतं. आज एक, उद्या एक. तुला काही बोलले नाहीत ना?"

"मला कशाला बोलतील?"

"नाही, सहज विचारलं."

"बरं," वहिनी म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "जेवलात का?"

तिने फोन कट केला आणि तो हातात तसाच धरून बसली. नवलाचा सूर तिने ओळखला असता. पोटावर पाय आलेल्या माणसाचा तर नक्कीच. वहिनीच्या आवाजात दोन्ही नव्हतं. जेवलात का, म्हणे.

पुढचे दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. एका दवाखान्याची माहितीपुस्तिका अर्धी पडून होती. ती जुन्या फायली उघडून कुठला मजकूर आपला आणि कुठला वहिनीचा, हे ओळखू बघत होती आणि प्रत्येक वेळी अंदाज चुकला की फाइल मिटत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा फोन लावला. बंद. तिने पर्स उचलली. माहेरच्या घराची किल्ली तिच्या जुडग्यात अजून होती.

जिना चढताना तिने चपला वाजू दिल्या नाहीत. दारापाशी कान देऊन उभी राहिली. आत कुणी बोलत नव्हतं. कुणीच नसेल तर? आईला एकटं टाकून वहिनी गादीवाल्यांकडे बसली असेल तर? तिने किल्ली फिरवली आणि दार एकदम ढकललं.

बाहेरच्याच खोलीत खिडकीला लागून आईची कॉट होती. वहिनी जमिनीवर बसली होती, पाय एका बाजूला मुडपलेले, डोकं कॉटच्या कडेवर. तोंड अर्धवट उघडं. चष्मा कपाळावर सरकलेला. आई जागी होती आणि तिचा हात वहिनीच्या केसांवर होता.

आईने दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

ती दारातच उभी राहिली. मग चपला काढून आत आली आणि वेताच्या मोड्यावर टेकली.

"फोन का बंद असतो तिचा दुपारचा?" तिने कुजबुजत विचारलं.

"मी करते." आईने उशीखालून वहिनीचा फोन काढून दाखवला. "कोण ना कोण वाजवत असतं. झोपू दे की जरा. रात्री मी तिला झोपू देत नाही म्हणे."

"म्हणजे?"

"तुला हाका मारते म्हणे मी. चिमू, चिमू करून. मला काही आठवत नाही सकाळी."

"मला?"

"मग चिमू दुसरं कोण आहे? तू थोडीच असतेस. ही येते उठून. मी ओळखत नाही म्हणे तेव्हा हिला. मग काय करणार, तुझ्या नावाने ओ देते. मी हात धरते आणि झोपते." आई जराशी हसली. "तिने नाही सांगितलं हो, दादाने सांगितलं. ती काय सांगणार."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणी तरी दोरीवरच्या चादरी गोळा करत होतं. ती ते पूर्ण होईपर्यंत पाहत राहिली.

वहिनी जागी झाली ती कुणी न उठवता. तिने चष्मा नाकावर घेतला, हिला पाहिलं, आणि आधी आईचं पांघरूण नीट केलं.

"ताई? आज कशा काय?"

"सहज."

"चहा टाकते."

ती वहिनीच्या मागून स्वयंपाकघरात गेली. वहिनीने आधण ठेवलं. 

"ते लेख बंद करत नाहीयेत ना?" वहिनीने पाठमोरीच विचारलं.

"नाही."

"मला माहीत होतं. त्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन येऊन गेला होता."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

पाण्याला उकळी आली. वहिनीने आच बारीक केली.

"त्यांना पुस्तक हवंय," वहिनी म्हणाली. "लेख तुमच्याकडूनच घेणार म्हणाले, पुस्तक मात्र मी करावं. मी हो म्हटलंय. रविवारी सांगणारच होते तुम्हाला. तुम्हाला राग येणार, ते धरून चालले होते."

तिच्या डोक्यात बरीच वाक्यं तयार होती. बसमध्ये जुळवलेली, जिन्यावर घासूनपुसून घेतलेली. ओळख कुणामुळे झाली, काम कुणी शिकवलं, नाव कुणाचं. तिने कपाटातून दोन कप काढून ओट्यावर ठेवले. एकाचा कान बाहेरच्या बाजूला होता, तो फिरवून आत केला.

"मला त्यातलं एकच कळत नाहीये," वहिनी म्हणाली. "दर काय सांगू?"

बाहेरून आईचा खोकला ऐकू आला. वहिनीने मान वळवून अंदाज घेतला, तो थांबला तशी पुन्हा हिच्याकडे पाहिलं.

फार काही करायचं नव्हतं. जो दर ती वहिनीला देत होती तोच सांगायचा. चालू बाजारभाव आहे, म्हणायचं. गादीवाल्यांनी आनंदाने होकार दिला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं. तिने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग गादीवाले तिला शब्दाला काय देतात, तो खरा आकडा तिने सांगितला. वहिनीला मिळायचं त्याच्या तो दुपटीहून जास्त होता.

वहिनीने चहा गाळला. गाळणं झटकलं, ओट्यावर सांडलेले थेंब फडक्याने पुसले, आणि जिथे काही सांडलं नव्हतं तिथेही पुसलं.

"हो," ती म्हणाली. "तेवढाच सांगितला होता त्यांनी. तुम्हाला देतात तेवढा, म्हणून."

"कधी?"

"पहिल्याच फोनला. उन्हाळ्यात."

उन्हाळ्यापासून दर महिन्याला वहिनीचा लेख वेळेवर येत होता. खाली तेच असायचं: ताई, एकदा बघून घ्या. तिने कप उचलला, तो फार गरम होता, पुन्हा खाली ठेवला.

"त्या दराला हो म्हणू नकोस," ती म्हणाली. "तो लेखांचा आहे. पुस्तकाला त्यावर निम्मा आणखी धर. ते हसतील. मिसेसना विचारून सांगतो म्हणतील. म्हणू दे. मग एक-दोन दिवस त्यांचा फोन उचलायचा नाही. तिसऱ्यांदा आला की उचल. काम सुरू करायच्या आधी एक हिस्सा मागून घे, मागतात तसा, सगळे मागतात. आणि पुस्तकावर नाव कुणाचं, ते आधीच लिहून घे."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. बाजारात भाजीवालीच्या काट्याकडे पाहावं तसं, जरा वाकून, निरखून.

मग तिने कोपऱ्यातलं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बसा," वहिनी म्हणाली. "आणि सावकाश सांगा. निम्मा आणखी का, ते आधी."