पुंजारामच्या वाट्याची दौड

सत्यशीलाबाईला नवऱ्याची रोज सकाळी नव्याने समजूत घालावी लागे. पुंजाराम पायात बूट चढवून म्हणायचा, "येतो जरा पळून." की हिने तीच पोथी उघडायची: महिन्यापूर्वी कबड्डीच्या सामन्यात समोरच्याचा गुडघा डोक्यात बसला, तासभर शुद्ध नव्हती, पळायला डॉक्टरांची बिलकुल मनाई आहे, पुन्हा मार बसला तर जिवावर बेतेल. पुंजाराम शहाण्यासारखी मान हलवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट! विसरायचा की सोंग घ्यायचा, देव जाणे.

घाई होती ती सलमासाठी. त्याच्या कबड्डी संघातल्या लालमियाँच्या या सहा वर्षांच्या पोरीच्या काळजाला छिद्र होतं. तिच्या ऑपरेशनसाठी पुंजाराम टेंभुर्णीहून जाफराबादपर्यंत पळणार, असं सामन्याच्या आधीच मारुतीच्या पारावर ठरलं होतं. तो पळाला की पैसे द्यायचे, अशी गावाने नारळाला हात लावून मदत बोलली होती. आता लालमियाँ म्हणाला, "मी पळतो," तर गावचे पुढारी अण्णासाहेब अडून बसले.

"पुंजारामच्या नावानं बोललोय. दुसरा पळला तं बोल मोडतो. मंग देणारे हात आखडतील."

वर अक्कल पाजळणारे होतेच. कुणी कांदा हुंगवा म्हणे. रखमाजी म्हणाला, "डोक्याला घट्ट फेटा बांधा अन् पळवा, काय होत न्हाई." तो फेटा ह्याच्याच तोंडाला बांधावा, असं सत्यशीलेला वाटलं. पोरीचा जीव वाचवायला नवऱ्याचा द्यायचा, हा कुठला हिशेब!

ठरल्या दिवशी पुंजाराम पारावर बूट घालून हजर. सत्यशीला तरातरा आली आणि तिने आधी त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

"अण्णासाहेब, तुमची कंबर धरली तवा तुमच्या नवसाचं लोटांगण कोणी घातलं?"

"आमच्या रामकिसननं."

"मारुतीला चाललं?"

"न चालायला काय झालं? पोटचा पोरगा हाय. घरचंच माणूस."

"मंग मी काय बाजारातून आल्ते?"

अण्णासाहेब पारावरून उतरून बाजूला झाले. तिने नवऱ्याचे बूट काढले, पुढे चिंध्या कोंबून स्वतःच्या पायात घातले आणि पदर खोचला. सोबतीला लालमियाँ निघाला.

ती पळाली थोडी, चालली जास्त. मागून जीप, आणि जीपमधून पुंजाराम ओरडतोय, "हात खाली! तोंडानं दम घेऊ नको!"

"तुम्ही तोंड मिटा आधी!" ती मागे न बघता खेकसली.

दुपारी जाफराबाद आलं. अण्णासाहेबांनी हार घातला आणि चारचौघांत कबूल केलं, "बोल राह्यला. पोरीचं ऑपरेशन होणार." लालमियाँने तिच्यापुढे हात जोडले. फक्त पुंजाराम जीपमधून उतरेना. सत्यशीला पाय ओढत तिथे गेली, तर याचे डोळे भरलेले.

"आता मला संघात कोण बोलावणार? पळाया बी बायको लागली."

तिच्या टाचांची सालटी निघाली होती, घसा कोरडा पडला होता, आणि आता वर हे! महिनाभराचा संताप तिच्या मस्तकात गेला.

"नका बोलवू म्हणावं! संघाला गडी लई भेटतील. मला एकच हाय."

एवढं बोलून ती जीपच्या पायरीवर बसली आणि सगळ्यांच्या देखत हमसून रडली.