गुरुजींबरोबर दिलेली चूल

केसरीनाथ गुरुजींचं तेराव्याचं कार्य उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तरी संग्रहालयाची पेटी कोन गावातल्या घरात ओटीवर तशीच पडून होती. ती परत करायचं काम लेकीकडे, कमळकडे आलं.

गुरुजी भिवंडीच्या शाळेत इतिहास शिकवत. चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या एका संग्रहालयात प्राचीन चिनी कलेचं प्रदर्शन भरलं. सगळ्या वर्गाला मुंबईला नेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथल्या वस्तूंच्या नकला भरलेली पेटी गुरुजींनी उसनी आणली. चीनशी झालेली लढाई लोक अजून विसरले नव्हते. बाकीचे मास्तर त्यांना ‘चिनी गुरुजी’ म्हणून चिडवत. ते हसत आणि वस्तू मुलांच्या हातात देत. आधी नाव सांगायचं नाही, हा त्यांचा नेम. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली पोरं रेशमाचा तुकडा बोटांत चोळून उभा धागा, आडवा धागा ओळखत.

उद्याचा धडा गुरुजी आदल्या संध्याकाळी घरी घेऊन बघत. तेव्हा सगळा वर्ग म्हणजे एकटी गुणाबाई, त्यांची बायको. ती शाळेत कधी गेलेली नव्हती.

कमळने पेटी उघडली. बदक होतं, घोडा होता, धान्याची कोठी होती. चूल नव्हती. वीतभर लांबीची, वर दोन भांडी बसवलेली, कडेला मासा कोरलेला. भुशात तिच्या आकाराचा खड्डा तेवढा राहिला होता.

आई सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“ती मास्तरांसंगं गेली.”

खाडीत सोडायच्या अस्थींच्या गाठोड्यात तिनेच ती चूल सरकवली होती. चीनमध्ये पूर्वी माणूस गेला की मातीची चूल, कोठी, बदक त्याच्याबरोबर पुरत, हे गुरुजींनीच तिला शिकवलं होतं.

“पहाटं उठल्या उठल्या चहा लागतो त्यांना,” ती म्हणाली. “तिथं कोन देनार?”

कमळ कल्याणला ग्रंथालयात नोकरीला. ही चाल तिने पुस्तकांत कितीदा वाचली होती. बाबांसाठी काही द्यावं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आता संग्रहालयात सांगायचं काय? हरवली म्हणावं तर बाबांवर निष्काळजीपणाचा ठपका. खरं सांगावं तर लोक आईला हसतील. आपल्या हातून फुटली असं सांगायचं तिने ठरवलं. आई म्हणाली, मी पण येते.

संग्रहालयातल्या बाईंनी पेटी तपासली आणि प्रश्नार्थक नजरेने पाहिलं. कमळने तोंड उघडायच्या आत गुणाबाईने सगळं सांगून टाकलं, अगदी चहासकट. बाई हसल्या नाहीत. मायेने म्हणाल्या, “असू द्या. प्लॅस्टरची नक्कल होती ती. दुसरी करून घेऊ.”

बाहेर आल्यावर गुणाबाई पायरीवर बसली.

“पिलास्टरच्या चुलीवर चहा व्हतो का?”

कमळला खोटं बोलवेना. “नाही.”

“मग खोटीच चूल दिली मी त्यांना.”

कमळ तिच्या शेजारी बसली. “आई, तिकडच्या लोकांनीही मातीचीच दिली होती. तिच्यावर कधी काही शिजलं नाही. देणाऱ्यांना ते ठाऊक होतं.”

“तरी दिली?”

“तरी दिली.”

गुणाबाईने पदराने तोंड पुसलं आणि ती उठली. “मला ती बघायची हाय. त्यांची.”

प्रदर्शन अजून चालू होतं; मूळ चूल तिथे काचेच्या पेटीत होती. हिरव्या रंगाची झाक असलेली, एका कोपऱ्यात टवका उडालेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा माणसाच्या कबरीतून ती खणून काढल्याचं कमळने वाचून दाखवलं. गुणाबाईने काचेवर हात टेकवला. रखवालदाराने हटकलं, तेव्हा तिने हात काढून घेतला.

“मंग त्या मानसाकडं आता काय हाय?” तिने विचारलं.