पुतळीचा खुराक

मी तोंडाची फटकळ, हे काशीगावात कुणालाही विचारा. भाजीवाला असो की पाण्याचा टँकरवाला, शालूच्या तावडीतून कुणी सुटत नाही. पण यंदा मी आठ दिवस आमच्या ह्यांच्याशी फोनवर गोड गोड खोटं बोलले, आणि ते मला चांगलंच भोवलं.

आमच्या तीन म्हशी. शांती नगरच्या चार बिल्डिंगांना आमचं दूध जातं. तिघींत पुतळी ह्यांची लाडकी. जन्मली तशी तिची आई गेली, तेव्हा ह्यांनी बाटलीने दूध पाजून तिला जगवलं होतं. आता ती आठ महिन्यांची गाभण होती, दूध आटवलेलं. तेवढ्यात अलिबागला ह्यांचे मेव्हणे वारले आणि बहिणीला सावरायला हे आठ दिवस तिकडे राहिले. निघताना म्हणाले, "पुतळीला खुराक नीट घाल. बाकी काय न्हाय." मी जेवेन की उपाशी राहीन, ते विचारलं नाही हो!

गाभणीसाठी म्हणून मी हायवेवरच्या दुकानातून गोळी पेंडीच्या दोन नव्या गोण्या आणल्या. एक उघडली तर ओल्या भिंतीसारखा वास. तशीच मूठभर पदरात घेऊन दुकानात गेले. दुकानदार हसला. "अरे भाभी, वो गुड़ के शीरे की बास है. माल एकदम फ्रेश है." आणि मी, जी देवाचंही ऐकून घेत नाही, ती मुकाट घरी आले.

पुतळीने पेंड हुंगली आणि तोंड फिरवलं. पुन्हा पुढे केली, पुन्हा तेच. सासूबाई सांगायच्या, जनावर रुसलं की खुराकावर गुळाचं पाणी शिंपडावं. मला वाटलं, बाईचे डोहाळे चाललेत, दुसरं काय! अर्धा किलो गूळ विरघळवला, पेंड कालवली आणि गोळे करून हाताने भरवली. "खा गं बाय, नायतर धनी येऊन माझी खरडपट्टी काढतील." बिचारीने खाल्लं. आठही दिवस मी तसंच भरवलं. रोज ह्यांचा फोन यायचा, "पुतळी खाते ना?" मी म्हणायचे, "चाटूनपुसून."

हे परत आले त्याच्या आदल्या दिवशी ती बसली ती उठलीच नाही. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. डॉक्टर जितेश आले, सलाईन लावली, पण दोन दिवसांत ती गेली, पोटातल्या रेडकासकट. डॉक्टरांनी पोट फाडून पाहिलं आणि म्हणाले, लिव्हर पार नासलंय, पेंडीतल्या बुरशीचं विष दिसतंय. त्यांनीच तक्रार करायला लावली.

हे रडले नाहीत. रिकाम्या दावणीपाशी बसून एकच घोकत होते, "मी हितं असतो तर मला कळलं असतं. मी गेलोच कशाला?" मी चहा ठेवायचे आणि मागे फिरायचे.

गुरुवारी सरकारी तपासणीच्या संपदा मॅडम आल्या. तरुण पोरगी, पण कामाला पक्की. दुसरी गोणी शिवलेलीच होती. "ही उघडली नाहीत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "सुट्या पेंडीचा नमुना कंपनी मान्य करत नाही." त्यांनी गोणीचे फोटो काढले, बॅच नंबर लिहून घेतला. तारखेवर एक स्टिकर होता. तो त्यांनी नखाने हळूच सोलला. खाली दुसरी तारीख निघाली, मुदत संपून सात महिने झालेली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेल्यांचं वाटोळं होवो!

"ह्या बॅचच्या गोण्या अजून कुठे गेल्यात?" मॅडमनी विचारलं.

"पलीकडच्या गोठ्यातल्या विठूनं त्याच दुकानातनं सहा नेल्यात," हे म्हणाले. "त्याच्या पण दोन म्हशी गाभण हायत."

"लॅबचा रिपोर्ट यायला वेळ लागेल. तोवर विक्री थांबवायची तर जबाब भक्कम पाहिजे. म्हशीने पहिल्या दिवशी पेंड खाल्ली का?"

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनीच सांगितलं, "चाटूनपुसून खात होती. ही मला रोज फोनवर सांगायची."

मॅडमचं पेन थांबलं. "मग कठीण आहे. खराब माल जनावर सहसा तोंडात घेत नाही. कंपनी म्हणेल, दुसऱ्या कसल्या आजाराने गेली. असंच लिहू?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मग विठूच्या म्हशी डोळ्यांपुढे आल्या.

"नका लिहू," मी म्हणाले. "तिने पहिल्याच दिवशी तोंड फिरवलं होतं. मला वासही आला होता. तरी मी गूळ कालवून भरवली, ह्या हातांनी, आठ दिवस. फोनवर खोटं बोलले मी."

मॅडमनी सगळं लिहून वाचून दाखवलं. मी सही केली. पेंडीचे नमुने सील करून त्या विठूच्या गोठ्याकडे गेल्या. विठूला आत्ताच फोन लावते, पेंड बंद करायला सांगते, असं जाताना म्हणाल्या.

आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, आता हे घमेलं फेकून मारतील, आईवरून शिव्या देतील. मी तयार उभी होते. ह्यांनी घमेलं उचललं आणि दावणीपाशी पालथं घातलं. मग म्हणाले, "तुझा हात होता म्हणून खाल्लं तिनं, शालू. दुसऱ्या कुणाच्या हातचं खाल्लं नसतं."

रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते, तर मी उलट बोलले असते.