सुभेदारांची खीर

मला नोकरी मिळाली ती माझ्या सासऱ्यांच्या पणजोबांमुळे. असं सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात, पण खरं तेच आहे. लग्न होऊन ठाकूरद्वारला मानकरांच्या घरात आले, तेव्हा बी.ए. झालेली सून ही दिवाणखान्यात मांडून ठेवायची वस्तू होती. दादरला चरित्रकोशाच्या कचेरीत साहाय्यक हवी आहे असं कळलं आणि मी घरात विषय काढला. मामंजी, म्हणजे शरदचंद्र मानकर, निवृत्त सॉलिसिटर. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली न ठेवताच अट घातली. कोशात सुभेदार दादोजी मानकरांची नोंद सन्मानाने आली पाहिजे. येणार असेल तर खुशाल नोकरी कर, नाहीतर घरी बस.

नोंद त्यांनी स्वतःच लिहून दिली. दादोजी अठराशे अठरा साली भोवरगड लढवताना इंग्रजांच्या गोळीने पडले. त्यांच्या पत्नी गंगाबाई यांनी वैधव्य कंठत एकुलत्या मुलाला वाढवलं. आम्ही सगळे मानकर त्या मुलाचे. मधल्या जागेत विशेषणं इतकी होती की सुभेदारांना हलायला वाव नव्हता.

पुण्याच्या परीक्षकांनी नोंद परत पाठवली. समासात लिहिलं होतं, 'गड तह करून खाली केला. शिबंदी सुखरूप बाहेर पडली, असे इंग्रजी कागद सांगतात. मग सुभेदार एकटेच कसे मेले?' पुणेकरांची प्रश्न विचारायची एक पद्धत असते. उत्तर दिलं तरी आपलंच चुकलं असं वाटतं.

आमच्या कोशाचा नियम होता, ज्याला आधार नाही ते विशेषण काढायचं. मी पेन्सिल घेऊन बसले. 'रणधुरंधर' गेलं, 'नरशार्दूल' गेलं, 'अतुलपराक्रमी' गेलं. शेवटी उरलं ते एवढंच, 'दादोजी मानकर हे सुभेदार होते. ते वारले.'

आमचे संपादक अप्पा यांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"उर्मिलाबाई, गोळीबाराला दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत. फ्लोरा फाउंटनला माझ्यासमोर पोरं पडली. मुंबई अजून मिळायची आहे, आणि आपण गड सोडून आलेला सुभेदार छापायचा? रणातल्या मरणाचा आधार आणा. नाहीतर नोंद गाळतो."

म्हणजे मीही गळणार. एखाद्याच्या मरणासाठी माणसाने किती जीव टाकावा! ग्रंथालयं पालथी घातली, दफ्तरांची धूळ खाल्ली, पण सुभेदार काही मरेनात. घरी मामंजी रोज विचारत, "आली का छापून?" मी रोज सांगे, "तपासणी चालू आहे." माझा आवाज रोज थोडा खाली जात होता.

अशात पितृपक्ष आला आणि अविधवा नवमी आली. नवरा हयात असताना ज्या बायका गेल्या, त्यांची ही तिथी. आमच्याकडे या दिवशी गंगाबाईंच्या नावाने सवाष्ण जेवते, आणि तिच्यासाठी तांदळाची खीर घरातल्या कर्त्या पुरुषाने करायची असते. बायकांनी पातेल्याला हात लावायचा नाही. का, ते कुणी विचारत नाही. रीत आहे, झालं. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारे मामंजी त्या दिवशी सोवळं नेसून चुलीपुढे घामाघूम होतात, आणि खीर दरवर्षी बुडाला लागते. सासूबाई, यशोदा त्यांचं नाव, त्या दिवशी झोपाळ्यावर बसून वर्षाचा सूड उगवतात.

"करपली हो!" त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं.

शेजारच्या कालिंदीबाई सवाष्ण म्हणून पानावर बसल्या होत्या. मी वाढत होते. वरणाची पळी माझ्या हातात तशीच राहिली.

"सासूबाई, गंगाबाई सवाष्ण गेल्या?"

"म्हणजे काय? नवमीला विधवेच्या नावाने कोण जेवू घालतं?"

"पण नोंदीत तर त्यांनी वैधव्य कंठलं."

झोपाळा थांबला. आम्ही दोघींनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत मामंजी पातेलं खरवडत होते.

मी नोंद नव्याने लिहिली आणि मामंजींपुढे ठेवली. 'भोवरगड खाली करून दादोजी घरी परतले. पत्नी त्यांच्या आधी निवर्तली. मुलाला त्यांनी स्वतः वाढवले. आधार: कुळाचार.'

मामंजींचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. जन्मभर जपलेला शूर पणजोबा मी एका कागदात घरी आणून बसवला होता.

"पुरावा?" त्यांनी कोर्टातल्या आवाजात विचारलं.

"तुम्हीच, मामंजी. खीर तुम्ही का करता?"

"रीत आहे."

"ती पडली कशी? घरात बाई नव्हती. पोराला भूक लागली की चुलीपुढे कोण बसणार?"

कागद घेऊन ते उठून गेले. संध्याकाळी जेवलेही नाहीत. मी मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या टेबलापाशी काळा कोट उभा राहिला. मामंजी ट्रामने दादरला आले होते. माझ्याकडे न बघता ते थेट अप्पांपुढे बसले आणि माझा कागद टेबलावर ठेवला.

"नोंद सूनबाईंनी लिहिली आहे तशीच छापा."

"अहो, पण गड सोडला त्यांनी!" अप्पा म्हणाले.

"सोडला. शिबंदीतली पोरं जिवंत घरी पोचवली आणि स्वतःही पोचले. अप्पासाहेब, तुमच्यासमोर पडलेल्यांतलं एखादं पोर असं घरी आलं असतं, तर त्याला गाळलं असतंत?"

अप्पांनी चष्मा काढला. त्यांनी माझा कागद ओढून घेतला आणि कोपऱ्यात सही केली. मग चष्मा पुसत म्हणाले, "पण सन्मानाचं काहीतरी हवं. एखादं विशेषण?"

"'स्वयंपाक येत असे' एवढं घाला," मामंजी म्हणाले. "आणि त्याला आधार मागू नका. माझी खीर खाल्लीत तर काढून टाकाल."

खंड छापून आला त्या सकाळी मी निघायच्या तयारीत होते, पण पाय उंबऱ्यात अडला. अट पुरी झाली होती. नोंद आली, आता पुढे काय, हे विचारायचा धीर होईना. तेवढ्यात मामंजी स्वयंपाकघरातून बाहेर आले. कपाळावर घाम, हातात पितळी डबा.

"उशीर होतोय कचेरीला," ते म्हणाले. "हे घेऊन जा."

डबा खालून गरम होता. दुपारी उघडला तेव्हा करपल्याचा वास आला. मी ती खीर शेवटच्या शितापर्यंत खाल्ली आणि अप्पांना चवीलाही दिली नाही.