टाकीचं झाकण

वीज गेली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि उबवणी यंत्रातल्या दोन हजार अंड्यांचा विसावा दिवस होता. काही कवचांना आतून टोचे पडले होते. दाराला कान लावला की चिवचिव ऐकू यायची. जनरेटर होता, त्यामुळे ताई फारशी घाबरली नाही. तो जुना होता, पण अप्पांच्या हाताखालचा होता.

अप्पा म्हणजे तिचे वडील. हॅचरी त्यांनीच उभी केली आणि तीस वर्षं चालवली. पाच महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. आता ते शेडच्या दाराशी खुर्चीत बसून असत आणि ताई एकटी सगळं ओढत होती.

जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. दहा मिनिटं नीट चालला, मग धापा टाकत बंद पडला.

तिने जनरेटरच्या मिस्त्रींना फोन लावला. ते लांबच्या कामावर अडकले होते.

“टाकीत डिझेल आहे ना, ताई?”

तिने झाकण उघडून पाहिलं. “काठोकाठ आहे.”

“मग पाइपात हवा धरली असेल. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. तेवढ्यात मी निघतोच.”

तिने तसं केलं. जनरेटर सुरू झाला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मग तिने फिल्टर बदलला. पाइप काढून तोंडाने फुंकला. डिझेलची चव जिभेवरून जाता जाईना. दर वेळी ती आधी टाकीत डोकावायची, झाकण गच्च लावायची, मग चावी फिरवायची. दर वेळी सुरुवात झकास व्हायची आणि दर वेळी माती व्हायची.

खुर्चीतून अप्पा “बा... बा...” करत होते. डाव्या हाताची बोटं हवेत गोल फिरवत होते. तिला वाटलं, पाणी हवंय. तिने बाटलीचं झाकण काढून ती त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा तीच बोटं, तेच फिरवणं.

“अप्पा, जरा दम धरा हो. माझे हात बरबटलेत.”

त्यांनी खुर्चीच्या दांडीवर मूठ आपटली.

“मला नाही कळत तुम्हाला काय हवंय,” ती करवादली. “नीट सांगा ना.”

आणि तिने जीभ चावली. अप्पांनी हात मांडीवर ठेवला आणि तो पुन्हा उचललाच नाही.

आत पंखे बंद होते. यंत्राचं दार लावलं तर अंडी स्वतःच्याच उबेने तापत होती, उघडलं तर गार पडत होती. ती सारखी दार उघडत होती, लावत होती. चिवचिव हळूहळू विरळ होत गेली.

अडीच वाजता मिस्त्री आले. पिशवीतला एकही पाना त्यांनी काढला नाही.

“हे झाकण कधी बसवलंत?”

“मागच्या आठवड्यात. जुन्याचे आटे गेले होते. हे छान गच्च बसतं.”

“याला भोकच नाही, ताई. डिझेल खाली जातं, पण वर हवा यायला वाट नाही. मग टाकीच डिझेल ओढून धरते. तुम्ही उघडून बघता तेव्हा जेवढी हवा आत शिरते, तेवढा वेळ ते चालतं.”

त्यांनी झाकण अर्धा फेरा ढिलं केलं. जनरेटर चालू झाला आणि चालूच राहिला.

ताईने वळून पाहिलं. अप्पा तिच्याकडे बघत नव्हते.

संध्याकाळपर्यंत तीनशेच्या आसपास पिल्लं बाहेर आली. बाकीच्या अंड्यांतून आवाजच येईना. ज्यांना उद्या पिल्लं न्यायची होती, त्यांना तिने फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मग ती अप्पांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

“तुम्हाला सकाळीच कळलं होतं ना?”

त्यांनी डोळे मिटून घेतले. डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. तिने ते कोपराने पुसलं, कारण बोटांना अजून डिझेल होतं. पिल्लांना पाणी दाखवायचं राहिलं होतं, म्हणून ती उठली.